जुळणी खरी, पण पूर्वज तोच का? डीएनए आणि ऑनलाइन वंशवृक्ष पडताळण्याची पद्धत

डीएनए चाचणीचा निकाल आला की पहिल्याच दिवशी नातेवाइकांची भलीमोठी यादी समोर उघडते. त्यातल्या एखाद्याने आपला वंशवृक्ष सगळ्यांसाठी खुला ठेवलेला असतो. त्यात आपल्या खापरपणजोबांचं नाव सापडतं आणि त्यांच्या वर आणखी सहा-सात पिढ्या आयत्या जोडलेल्या दिसतात. एक बटण दाबलं की त्या सगळ्या आपल्या वृक्षात येतात. ते बटण इतक्यात दाबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. दाबण्याआधी काय काय तपासायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

दोन माणसांत रक्ताचं नातं आहे का आणि ते साधारण किती जवळचं, एवढंच डीएनएची जुळणी सांगते. कोणत्या पूर्वजामुळे ते नातं आहे, हे तिला माहीत नसतं. वंशवृक्षात पूर्वजाचं नाव असतं, पण ते कोणी आणि कशाच्या आधारे लिहिलं हे बहुतेक वेळा नसतं. ही दोन अर्धी उत्तरं एकमेकांना टेकवून उभी केली की पूर्ण उत्तर मिळाल्यासारखं वाटतं, आणि वंशावळीतल्या मोठमोठ्या चुका इथूनच सुरू होतात. म्हणून पिढीला पिढी जोडणारा प्रत्येक दुवा सुटा काढून तपासावा लागतो.

पायरी १: आधी आपल्या वृक्षाचा हिशेब

चाचणीची नळी मागवण्याआधी आपल्या वृक्षात किती जागा खरोखर भरलेल्या आहेत ते मोजा. आई-वडील २, आजी-आजोबा ४, पणजी-पणजोबा ८, खापरपणजी-खापरपणजोबा १६, त्यांचे आई-वडील ३२. प्रत्येक पिढीपुढे दोन आकडे लिहा: किती नावं माहीत आहेत, आणि त्यांतल्या कितींना मूळ नोंदीचा आधार आहे. समजा ३२ पैकी २१ नावं माहीत आहेत, पण नोंद सापडली आहे फक्त १३ जणांची. यातला १३ हा आकडा ठळक लिहून ठेवा, कारण पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाची चाचणी आधी करून घ्या. डीएनए दर पिढीला निम्मा पुढे जातो, त्यामुळे आजीकडे जेवढा आहे त्याचा साधारण चौथा हिस्साच नातवाकडे पोहोचतो. दहा पिढ्या मागे गेलं तर कागदावर १,०२४ पूर्वज होतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा एकही तुकडा आज आपल्या शरीरात नसतो. आजीची चाचणी केली की दोन पिढ्यांची गळती वाचते. ती संधी कायमची नसते, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

ज्येष्ठांना नळी देण्याआधी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे: या चाचणीतून घरात कोणालाच ठाऊक नसलेलं, किंवा एकालाच ठाऊक असलेलं, काहीतरी बाहेर येऊ शकतं. कागदावरचे वडील आणि जन्मदाते वडील वेगळे असण्याचं प्रमाण युरोपातल्या जुन्या घराण्यांवरच्या अभ्यासांत दर पिढीला सुमारे १ टक्का निघालं आहे. एका पिढीसाठी हे किरकोळ वाटतं, पण दहा पिढ्यांची एक रेषा धरली तर ती कुठेतरी तुटलेली असण्याची शक्यता दहात एक इतकी होते. हे ऐकून कोणी नको म्हणालं तर तो विषय तिथेच सोडा.

नमुना देताना अर्धा तास आधीपासून खाणं-पिणं बंद ठेवा. ज्याच्यावर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं आहे त्याची लाळ तपासायला देऊ नका, कारण लाळेत दात्याचा डीएनए मिसळलेला असतो आणि नातेवाइकांची यादी भलत्याचीच येऊ शकते.

पायरी २: कोणती चाचणी कशासाठी

वाय गुणसूत्राची चाचणी बापाकडून मुलाकडे जाणारी एकच रेषा दाखवते. मायटोकॉन्ड्रियाची चाचणी आईकडून येणारी रेषा दाखवते, पण ती इतक्या सावकाश बदलते की जुळणी झाली तरी समान पूर्वज शेकडो, कधी हजारो वर्षांपूर्वीचा असू शकतो. बहुतेक लोक करतात ती ऑटोसोमल चाचणी. ती गुणसूत्रांच्या २२ जोड्या तपासते आणि सगळ्या बाजूंची नाती दाखवते. पुढच्या पायऱ्या मुख्यतः तिच्यासाठीच आहेत.

निकालासोबत येणारा वांशिक टक्केवारीचा रंगीत नकाशा पुरावा म्हणून अजिबात वापरू नका. कंपनीने जमवलेल्या संदर्भ-नमुन्यांशी केलेली ती तुलना असते. नमुने किंवा गणिताची पद्धत बदलली की तुमचे टक्के बदलतात, डीएनए मात्र तोच राहतो.

खात्याला स्वतंत्र पासवर्ड ठेवा आणि दुहेरी पडताळणी चालू करा. २०२३ मध्ये २३अँडमी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली. चोरांनी प्रत्यक्षात काही हजार खातीच उघडली होती, तीही लोकांनी इतरत्र वापरलेले जुने पासवर्ड लावून. बाकीच्यांची माहिती त्या खात्यांतल्या नातेवाइकांच्या याद्यांतून गेली. मार्च २०२५ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीत गेली. म्हणून आपला मूळ डेटा उतरवून स्वतःजवळ ठेवलेला बरा.

पायरी ३: लेबल सोडा, आकडा वाचा

जुळणीपुढे कंपनी नात्याचं एक नाव लिहिते. तो अंदाज असतो. खरी माहिती सेंटिमॉर्गनच्या (सीएम) आकड्यात असते. दोघांत किती डीएनए सामाईक आहे, ते मोजण्याचं हे एकक. वंशावळकार ब्लेन बेटिंगर यांच्या शेअर्ड सीएम प्रोजेक्टच्या २०२० च्या आवृत्तीत हजारो ज्ञात नात्यांचे आकडे एकत्र केले आहेत. त्यानुसार सख्ख्या भावंडांची सरासरी २,६१३ येते. आजी-आजोबा समान असलेल्या भावंडांची सरासरी ८६६ आहे, पण प्रत्यक्ष आकडे ३९६ ते १,३९७ पर्यंत पसरलेले आहेत. पणजी-पणजोबा समान असतील तर सरासरी २२९ आणि पसारा ४१ ते ५९२. खापरपणजी-खापरपणजोबा समान असतील तर सरासरी ७३, आणि खालचं टोक थेट शून्य.

मराठीत आपण चुलत, आते, मामे आणि मावस असा नेमका भेद करतो. ८६६ या आकड्याला तो कळत नाही. चारही भावंडं त्याच्या लेखी सारखीच असतात.

आता एक आकडा जवळून पाहू. समजा तुमची एका अनोळखी बाईंशी २३० सेंटिमॉर्गनची जुळणी आहे आणि कंपनीने लिहिलं आहे ‘पणजोबा समान’. २२९ ही सरासरी पाहता ते पटतं. पण आजोबांच्या चुलत किंवा आते-मामे-मावस भावंडाची तुमच्याशी सरासरी २२१ असते. तुमच्या आईचं किंवा वडिलांचं असं भावंड, ज्याच्याशी त्यांचा एकच आजोबा समान पण आज्या वेगवेगळ्या, त्याची सरासरी २२४. तीन वेगळी नाती आणि आकडा जवळजवळ एकच. आकड्याकडे कितीही वेळ पाहिलं तरी ती वेगळी होणार नाहीत. त्या बाईंचं वय विचारा. त्या ८० वर्षांच्या आणि तुम्ही ३० चे असाल तर आजोबांच्या पिढीची शक्यता एकदम वर येते. मग त्यांची तुमच्या आईशी जुळणी आहे की वडिलांशी ते पाहा. एवढ्याने तीनपैकी एखादी शक्यता गळते. उरलेल्यांचा निकाल कागदपत्रांतूनच लागतो.

जुळणी नसणं हीसुद्धा माहिती आहे. पणजोबा खरोखर समान असतील तर जुळणी दिसतेच, म्हणून दोघांची चाचणी एकाच कंपनीत झाली असेल आणि तरी काहीच दिसत नसेल, तर दोघांपैकी एकाच्या वृक्षातला दुवा तुटलेला आहे असं समजा. खापरपणजोबांच्या पातळीवर मात्र दहातल्या एखाद्या जोडीत जुळणी दिसत नाही, आणि त्याच्या एक पिढी वर जवळजवळ निम्म्या जोड्यांत दिसत नाही. तिथे जुळणी नाही म्हणून नातं नाकारता येत नाही.

पायरी ४: बारीक तुकड्यांवर विसंबू नका

डीएनएतल्या प्रत्येक जागी आपल्याला दोन अक्षरं मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. नेहमीची चाचणी ही दोन्ही अक्षरं वाचते, पण कोणतं कुणाचं ते सांगत नाही. संगणक जुळणी शोधताना एका जागी आईचं अक्षर धरतो, पुढच्या जागी वडिलांचं, पुन्हा आईचं, आणि असं इकडून तिकडे उड्या मारत एक ‘जुळणारा’ तुकडा तयार होतो, जो कोणत्याही पूर्वजाकडे सलग कधी नव्हताच. तुकडा जितका लहान तितका हा धोका मोठा. १५ सेंटिमॉर्गनच्या वरचा तुकडा सहसा खरा निघतो, ७ च्या खालच्यांत खोट्यांचा भरणा असतो. अँसेस्ट्री या चाचणी कंपनीने २०२० मध्ये ८ पेक्षा लहान जुळण्या दाखवणं बंद केलं.

तपासण्याची सोपी युक्ती अशी: तुमच्या आई-वडिलांची दोघांचीही चाचणी झाली असेल, तर तुमची प्रत्येक खरी जुळणी त्यांतल्या एकाच्या तरी यादीत असायला हवी. तुमच्याकडे आहे आणि दोघांकडेही नाही, तर ती खोडा. आणि ६ सेंटिमॉर्गनच्या एका तुकड्यावरून कुणी स्वतःला आठशे वर्षांपूर्वीच्या राजाचा वंशज म्हणवत असेल, तर ते मान्य करायला काहीही आधार नाही.

पायरी ५: जुळण्यांचे गट पाडा

एकट्या जुळणीपेक्षा गट जास्त बोलतो. डेना लीड्स यांनी २०१८ मध्ये मांडलेली रंगांची पद्धत नवख्या माणसालाही एका संध्याकाळी जमते. ९० ते ४०० सेंटिमॉर्गनमधल्या जुळण्या उतरत्या क्रमाने एका तक्त्यात लिहा. पहिल्या नावाला एक रंग द्या आणि यादीतले जे त्याच्याशीही जुळतात त्या सगळ्यांना तोच रंग द्या. मग बिनरंगाच्या पहिल्या नावाला दुसरा रंग. बहुतेक वेळा चार रंगांचे गट तयार होतात, चार आजी-आजोबांचे.

रंग एकमेकांत मिसळायला लागले, एकेका नावाला तीन-तीन रंग लागले, तर घाईने निष्कर्ष काढू नका. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्नं झालेल्या समाजात दोन माणसं पाच-सहा वाटांनी एकमेकांची नातेवाईक असतात. प्रत्येक वाटेने थोडा थोडा डीएनए येतो आणि बेरीज फुगते. अशा वेळी बेरजेपेक्षा सगळ्यात लांब तुकडा पाहा. ९० सेंटिमॉर्गन नऊ तुकड्यांत विखुरलेले आणि सगळ्यात मोठा तुकडा १४ चा असेल, तर ते बरंच जुनं, अनेक वाटांचं नातं असण्याची शक्यता मोठी. तेच ९० तीन तुकड्यांत आणि त्यांतला एक ४५ चा असेल, तर समान पूर्वज बराच जवळचा.

पायरी ६: ऑनलाइन वृक्षाला प्रश्न विचारा

काही ठिकाणी ज्याचा त्याचा वृक्ष वेगळा असतो, उदाहरणार्थ अँसेस्ट्री आणि मायहेरिटेज. काही ठिकाणी सगळे मिळून एकच वृक्ष वाढवतात, उदाहरणार्थ फॅमिलीसर्च, विकिट्री आणि जेनी. पहिल्या प्रकारात एक चूक शेकडो प्रतींत पसरते. दुसऱ्या प्रकारात ती दुरुस्त करता येते, पण तुम्ही केलेली दुरुस्तीही कोणी उलटवू शकतं. दोन्हींचा उपयोग आहे, तो शोधाचा धागा म्हणून. पुरावा म्हणून नाही.

चाळीस वृक्षांत एकच नाव, एकच तारीख दिसली की माणूस निर्धास्त होतो. त्या चाळीसांपैकी प्रत्येकाचा आधार उघडून पाहा. पस्तीस जणांनी आधार म्हणून दुसरा वृक्षच दिलेला असेल आणि पाच जणांनी काहीच नसेल दिलं, तर तुमच्याकडे चाळीस साक्षीदार नाहीत. एका माणसाचं बोलणं चाळीस वेळा ऐकल्यासारखं ते आहे, आणि त्या एकाला हे कुठून कळलं ते अजून ठाऊक नाही. कधी तो मूळ माणूस लबाडही निघतो. गुस्ताव अँजू नावाच्या वंशावळकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या श्रीमंतांना रचलेल्या वंशावळी विकल्या. तो १९४२ मध्ये वारला, पण त्याने रचलेल्या पिढ्या अजूनही वृक्षांतून नकलल्या जातात.

नोंद हाती येण्याआधीही नुसत्या तारखा लावून बरंच कळतं. मुलाच्या जन्माच्या वेळी आईचं वय किती होतं? मुलाच्या जन्मतारखेला ती हयात होती का? एकाच आईची दोन मुलं पाच महिन्यांच्या अंतराने जन्मलेली दाखवली आहेत का? सगळ्यात फसवी चूक नामसाधर्म्याची. एखाद्या चर्चच्या नोंदवहीत १७६२ मध्ये एका मुलाचा बाप्तिस्मा सापडतो. वृक्ष करणारा ते नाव उचलतो आणि पंचवीस वर्षांनी त्याच नावाच्या माणसाच्या झालेल्या लग्नाला जोडतो. त्याच वहीत चार पानं पुढे त्या बाळाच्या दफनाची नोंद असते, पण ती पाहायला कोणी पान उलटलेलंच नसतं. लग्न करणारा दुसराच कोणी होता, बहुधा शेजारच्या गावचा. म्हणून जन्माची नोंद सापडली की पुढच्या काही वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी पाहिल्याशिवाय थांबायचं नाही, हा नियम मी कधीच मोडत नाही.

उलटही होतं, चूक दिसते पण नसते. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायद्याचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून जून १७१० मध्ये लग्न आणि ‘फेब्रुवारी १७१०’ मध्ये बाळाचा बाप्तिस्मा ही नोंद बरोबर असू शकते, आपल्या गणतीने तो फेब्रुवारी १७११ चा.

पायरी ७: आयतं उत्तर मिळालं की जास्त सावध व्हा

२०१९ मध्ये अँसेस्ट्रीने थ्रूलाइन्स आणि मायहेरिटेजने थिअरी ऑफ फॅमिली रिलेटिव्हिटी आणली. दोन्ही साधनं डीएनएची जुळणी घेतात, लोकांचे वृक्ष एकमेकांना जोडतात आणि समान पूर्वज कोण ते सुचवतात. सुचवणी सुबक दिसते, त्यामुळे ‘डीएनएने सिद्ध झालं’ असं लोक बिनदिक्कत लिहितात. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

समजा तुमची एकाशी २८ सेंटिमॉर्गनची जुळणी आहे आणि दोघांच्या वृक्षांत खापरपणजोबांचे वडील म्हणून एकच माणूस आहे. जुळणी खरी आहे असंही धरू. आता पहिल्या पायरीतला आकडा काढा: ३२ पैकी १३. म्हणजे त्या पिढीतल्या १९ जागांना अजून नोंदीचा आधार नाही. समोरच्याच्या वृक्षातही तेवढ्याच जागा मोकळ्या असतील, तर तुमचं खरं नातं त्या अंधाऱ्या भागातून आलेलं असू शकतं. मधल्या काळात तुम्ही दोघांनी तिसऱ्याच कोणाच्या वृक्षातून एकच चुकीचं नाव उतरवून घेतलेलं असेल. खरी जुळणी आणि चुकीचं नाव शेजारी शेजारी आले, आणि साधनाने त्यांची गाठ मारून दिली.

ही गाठ तपासायची तर त्या पूर्वजाच्या एकाच मुलाच्या वंशजांवर थांबू नका. त्याच्या किमान दोन आणखी मुलांचे वंशज शोधा आणि ते तुमच्याशी व एकमेकांशी जुळतात का पाहा. गटातल्या प्रत्येकाची कागदोपत्री साखळी स्वतः नोंदींवरून उभी करा. शक्यता तोलायला डीएनए पेंटर या संकेतस्थळावरचं ‘व्हॉट आर द ऑड्स’ हे साधन कामी येतं. तीन-चार जणांचे आकडे भरले की तुम्ही वृक्षात कुठे बसता, याच्या वेगवेगळ्या शक्यतांचं तुलनात्मक वजन ते देतं. मात्र भरलेला वृक्ष चुकीचा असेल तर उत्तरही चुकीचंच येणार.

दोन प्रसिद्ध प्रकरणं

२०१२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात वाहनतळाखाली एक सांगाडा सापडला. १४८५ मध्ये लढाईत मारला गेलेला राजा तिसरा रिचर्ड तो हाच, हे ठरवायला त्याच्या बहिणीच्या मातृरेषेतल्या हयात वंशजांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए उपयोगी पडला. तो जुळला. मग पितृरेषेसाठी ब्यूफोर्टच्या पाचव्या ड्यूकच्या वंशातल्या पाच पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं. कागदावर ही रेषा रिचर्डच्याच घराण्याची. पाचांपैकी चौघे एकमेकांशी जुळले, पाचवा वेगळा निघाला, आणि रिचर्डशी एकही जुळला नाही. राजघराण्याची, पिढ्यान्‌पिढ्या लिहून जपलेली ही वंशावळ किमान दोन ठिकाणी तुटलेली होती. जुनी तूट कोणत्या पिढीतली, हे डीएनएला सांगता आलं नाही.

दुसरं प्रकरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्या गुलामगिरीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांचं. १९९८ च्या चाचणीत सॅलींचा मुलगा एस्टन याच्या पुरुषवंशजाचं वाय गुणसूत्र जेफरसन घराण्याशी जुळलं. जेफरसन यांची पुरुषरेषा नव्हती, म्हणून तुलना त्यांच्या काकांच्या वंशजांशी केली होती. साहजिकच बाप जेफरसन घराण्यातला, एवढंच चाचणीतून ठरलं, आणि थॉमसच का हे ठरलं नाही. ते ठरवायला कागद लागले. सॅलींची मुलं गर्भात आली त्या त्या काळात थॉमस जेफरसन घरी होते, हे नोंदींवरून दिसतं. २००० मध्ये त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने डीएनए आणि कागद एकत्र तोलून तेच बाप असण्याची शक्यता मोठी असल्याचं मान्य केलं. पुरावा कसा तोलावा, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

पायरी ८: लिहून काढा

अमेरिकेत १९६४ पासून वंशावळकारांना प्रमाणपत्र देणारं एक मंडळ आहे. त्याच्या कसोटीत पाच गोष्टी येतात: शोध शक्य तितका सर्वंकष असावा, प्रत्येक विधानाला आधार दिलेला असावा, पुरावे एकमेकांशी ताडून पाहिलेले असावेत, विरोधी पुराव्याचा निकाल लावलेला असावा, आणि निष्कर्ष कारणांसह लिहिलेला असावा. यातली चौथी गोष्ट लोक टाळतात. विरोधी नोंद वृक्षातून काढून टाकू नका. ती तशीच ठेवा आणि ती का मानली नाही ते शेजारी लिहा.

प्रत्येक दुव्यासाठी चार ओळी पुरतात. वडील कोण मानले, कोणत्या नोंदीवरून, कोणत्या जुळण्या त्याला धरून आहेत, आणि काय सापडलं तर हे मत बदलेन. चौथी ओळ लिहिता येत नसेल तर तो दुवा अजून कच्चा आहे. त्याच्यापुढे ‘संभाव्य’ असं लिहा, म्हणजे तो उतरवून घेणाऱ्यालाही ते दिसेल. हयात माणसांची नावं खुली ठेवू नका.

दुसऱ्याच्या वृक्षात चूक सापडली तर मालकाला खासगी निरोप पाठवा, लहान आणि सौम्य. “नमस्कार. तुमच्या वृक्षात १७६२ ला जन्मलेल्या या व्यक्तीचं लग्न १७८७ मध्ये दाखवलं आहे. त्याच नोंदवहीत याच बाळाच्या दफनाची नोंद मला सापडली, पानाचं छायाचित्र सोबत जोडलं आहे. तुमच्याकडे वेगळी नोंद असेल तर मला पाहायला आवडेल.” उत्तर यायला कधी कधी वर्ष लागतं. तोपर्यंत ती शाखा आपल्या वृक्षात जोडायची नाही.